मधुमेहाच्या उंबरठ्यावरून परतताना

(जागतिक मधुमेहदिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ नोव्हेंबर हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. १९२१ मध्ये टोरांटो येथे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून इन्शुलिन हाती आले आणि ज्या आजारापुढे वैद्यकशास्त्र तोवर हतबल होते, त्यावर इलाज मिळाला. या दिवशी सामान्यतः मधुमेह झालेल्या रुग्णांविषयी बोलले जाते. मी आज ज्यांना मधुमेह अद्याप झालेला नाही, परंतु होण्याचा संभव ज्यांच्या रक्ताच्या अहवालात दिसू लागला आहे, त्यांच्याविषयी बोलणार आहे. या अवस्थेला आपण मधुमेहपूर्व अवस्था म्हणतो.

अशा व्यक्तींची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १,१३,०४३ व्यक्ती या पाहणीत होत्या. त्यांपैकी ११.४ टक्के व्यक्तींना मधुमेह आढळला, तर १५.३ टक्के व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आढळल्या. या प्रमाणावरून २०२१ या वर्षासाठी काढलेला अंदाज असा, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे घरात शिरलेल्यांपेक्षा दारात थांबलेले अधिक आहेत. दारात थांबलेल्या माणसाला परत फिरता येते, हेच आज मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

प्रथम अहवालावरील आकड्यांचा अर्थ पाहू. किमान आठ तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर आढळणे हे मधुमेहाचे लक्षण मानले जाते. १०० ते १२५ ही मधली पट्टी मधुमेहपूर्व अवस्थेची. जागतिक आरोग्य संघटना ही पट्टी ११० पासून धरते. त्यामुळे १०४ हा आकडा पाहून एक डॉक्टर ‘सांभाळा’ म्हणतात आणि दुसरे ‘ठीक आहे’ म्हणतात. यात कोणाचीच चूक नसते, दोघांनी धरलेली सीमारेषा वेगळी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी साखर १४० ते १९९ च्या दरम्यान आली, अथवा गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीए-१-सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तरीही निदान हेच होते.

मात्र एका कागदावर विसंबून राहू नये. नुकताच झालेला ताप, स्टेरॉइडसारखे एखादे औषध किंवा अपुरा उपवास यांमुळे आकडा बदलू शकतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीए-१-सी प्रत्यक्षाहून अधिक दिसण्याचा संभव असतो, आणि आपल्याकडील स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आढळतो. म्हणून काळजी करण्यापूर्वी तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि दोन्ही अहवाल डॉक्टरांना एकत्र दाखवावेत.

हा आकडा वाढतो कसा? स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन शरीरातील पेशींना साखर आत घेण्याचा निरोप देते. पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठत गेली, स्नायूंना काम उरले नाही, की या निरोपाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन तयार करून वेळ निभावून नेते. अशी ओढाताण कित्येक वर्षे चालते आणि त्या काळात अहवाल निर्दोष येत राहतात. स्वादुपिंडातील पेशी थकू लागल्या, की आकडा वर सरकू लागतो. म्हणजे हा आकडा प्रथम दिसतो तेव्हा आतील प्रक्रिया बरीच जुनी झालेली असते. परंतु ती अजून पुष्कळ अंशी आपल्या हातात असते.

‘मी तर सडपातळ आहे, मला हे कसे?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. याचे उत्तर आपल्या पुण्यातील संशोधनाने दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली स्वतःची छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. उंची व वजन यांच्या गणिताने येणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीर बाहेरून कृश दिसत असताना आत चरबी बाळगून असते, ही गोष्ट या दोन छायाचित्रांनी जगापुढे मांडली. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर आरशातील सडपातळपणावर विश्वास ठेवू नये.

निदान झाल्यावर माणसे साधारणतः दोन तऱ्हांनी वागतात. काही जण म्हणतात, ‘अजून मधुमेह नाही ना? मग झाल्यावर पाहू.’ चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अवस्थेतील ५३१ भारतीय व्यक्तींचा सुमारे अडीच ते तीन वर्षे मागोवा घेतला. ज्या गटाला नेहमीच्या जुजबी सल्ल्यापलीकडे काही दिले गेले नाही, त्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना तेवढ्या अवधीत मधुमेह झाला. तेव्हा ‘पुढे पाहू’ यातील ‘पुढे’ फार दूर नसते. शिवाय हृदयविकाराचा धोका मधुमेहाची वाट पाहत थांबत नाही. तो या अवस्थेतच वाढू लागतो. म्हणून साखरेबरोबर रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासले पाहिजे, आणि तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट यांची साथ सोडली पाहिजे.

दुसऱ्या तऱ्हेची माणसे घाबरतात. भात बंद, फळे बंद, रोज सकाळी कारल्याचा रस, शेजाऱ्यांनी सुचविलेले चूर्ण आणि आठवडाभर जीव तोडून चालणे. तीन आठवड्यांत शरीर व मन दोन्ही कंटाळतात आणि सर्व काही पूर्वपदावर येते. पहिल्या तऱ्हेत काहीच होत नाही, दुसऱ्या तऱ्हेत जे होते ते टिकत नाही. परिणाम दोन्हींचा एकच.

मग उपयोग कशाचा होतो? सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ व्यक्तींवर एक प्रयोग सुरू झाला. आहार व व्यायाम यांविषयी सहा वर्षे मार्गदर्शन केले गेले. तीस वर्षांनंतरचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले, की मार्गदर्शन मिळालेल्यांमध्ये मधुमेह सुमारे चार वर्षे उशिरा आला, हृदयविकार व पक्षाघात कमी झाले आणि आयुर्मान सरासरी सुमारे दीड वर्षाने वाढले. फिनलंडमध्ये ५२२ व्यक्तींवरील अभ्यास २००१ मध्ये, तर अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणी जीवनशैलीतील बदलाने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील अभ्यासात लक्ष्य काय होते? वजनात ७ टक्के घट आणि आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम. सत्तर किलो वजनाच्या माणसाने पाच किलो कमी करावेत आणि आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास चालावे, एवढेच ते लक्ष्य आहे.

चेन्नईच्या अभ्यासात धोका २८.५ टक्क्यांनी घटला, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. परंतु त्यात आपल्यासाठी एक आशेची बाब आहे. तेथील व्यक्तींचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही लाभ झाला. काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चालताना स्नायू रक्तातील साखर स्वतः ओढून घेतात, आणि त्यासाठी वजन उतरेपर्यंत थांबावे लागत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. प्रारंभ चहापासून करावा. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाची साखर सुमारे चाळीस ग्रॅम होते आणि महिन्याची सव्वा किलोच्या आसपास जाते. ही साखर पोट भरत नाही आणि जेवणात मोजलीही जात नाही. ती आठवड्याला अर्धा चमचा या गतीने कमी केली तर जिभेला फारसा त्रास होत नाही. साखरेऐवजी गूळ वा मध घेतल्याने हिशेब बदलत नाही. रक्तात गेल्यावर त्यांचीही साखरच होते.

दुसरी गोष्ट ताटाची. भात वा पोळी वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्यांची जागा मात्र आटोपशीर करावी. अर्ध्या ताटात भाजी व कोशिंबीर, पाव ताटात वरण, उसळ, पिठले, अंडी किंवा मासे आणि उरलेल्या पाव ताटात भात, पोळी अथवा भाकरी अशी मांडणी डोळ्यांनीही जमते. ज्वारीची भाकरी चांगली, हे खरे. परंतु चांगली म्हणून चार खाल्ल्या तर तिचा चांगुलपणा उरत नाही. आपल्याकडे आणखी एक पेच उपवासाचा. गुरुवार, चतुर्थी, एकादशी या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व वर केळे असा फराळ झाला, तर तो नेहमीच्या जेवणाहून अधिक पिष्टमय ठरतो. उपवास ही श्रद्धेची बाब आहे आणि तिचा मान राखूनच हे सांगतो, की थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर यांनी उपवास तितकाच पाळला जातो.

तिसरी गोष्ट चालण्याची. रात्री जेवणानंतर शतपावली घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जेवणानंतर लगेच केलेल्या हालचालीने वाढती साखर आवरली जाते, हे आधुनिक अभ्यासांनीही दाखविले आहे. शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटे चालावे, इतकाच बदल करावयाचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसल्या बसल्या हातापायांचे व्यायाम करावेत. ज्यांना छातीत दुखते किंवा चालताना दम लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

हे सर्व एकट्याने करणे अवघड आहे, कारण आपल्याकडे एका माणसाचे जेवण ही वेगळी गोष्ट नसते. एकाच पातेल्यातले सर्वांच्या पानात येते. बाह्यरुग्ण विभागात एक गोष्ट वारंवार पाहावयास मिळते. घरातील पुरुषाच्या अहवालात हे निदान आले, तर पत्नी सोबत येते, पथ्याचा कागद मागून घेते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा बदलतो. तेच निदान पत्नीच्या अहवालात आले, तर ती बहुधा एकटी येते. घरी कोणाला सांगत नाही, कारण तिच्यासाठी घरातील स्वयंपाक बदलेल अशी तिची अपेक्षाच नसते. सर्वांची पाने झाल्यावर ती बसते. भाजी संपलेली असते आणि उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोच तिच्या पानात पडतो. दिवसभर घरात राबते म्हणून तिच्या चालण्यासाठी वेगळा अर्धा तास काढण्याची कोणाला गरज वाटत नाही. येथे उपस्थित असलेल्या मुलांना, मुलींना, सुनांना आणि विशेषतः यजमानांना माझी विनंती आहे, की पुढच्या वेळी आईबरोबर, पत्नीबरोबर तपासणीला या. तिच्या पानात भाजी आधी वाढा. संध्याकाळचा अर्धा तास तिला स्वयंपाकघरातून मोकळे करा. जिला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिच्याबाबत तर हे अधिकच निकडीचे आहे. बाळंतपणानंतर साखर पूर्ववत झाली तरी पुढील आयुष्यात तिला धोका राहतो आणि तिची तपासणी नियमित व्हावी लागते.

आग्रहाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ‘एका पुरणपोळीने काय होणार आहे?’ असे प्रेमाने म्हटले जाते. एका पुरणपोळीने खरोखर काही होत नाही. परंतु आग्रह करणारी घरे दहा असतात आणि खाणारा एकच असतो. सणाला एक पुरणपोळी मनापासून खावी आणि दुसरीचा आग्रह कोणी करू नये, इतका समंजसपणा आप्तेष्टांनी दाखविला तरी पुष्कळ झाले. शिवाय पथ्याचे हे जेवण घरातील सर्वांनाच हितकर आहे. त्याला रोग्याचे जेवण म्हणून बाजूला काढू नये.

गोळ्यांचे काय, असे विचारले जाते. मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त आणि परिचित औषध या अवस्थेतही काही जणांना दिले जाते. अमेरिकेतील अभ्यासात त्याने धोका ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईत अत्यल्प मात्रेनेही २६.४ टक्क्यांनी घटला. मात्र चेन्नईत औषध व जीवनशैली दोन्ही एकत्र दिल्याने एकट्या जीवनशैलीपेक्षा अधिक लाभ झालेला दिसला नाही. तरुण वय, बरेच वाढलेले वजन, चढत जाणारा आकडा किंवा गरोदरपणातील मधुमेहाचा इतिहास असेल तर डॉक्टर ते सुचवू शकतात. हा निर्णय डॉक्टरांचा. शेजाऱ्यांची गोळी पाहून आपण घेण्याचा नव्हे. गोळी असो वा नसो, वर्षातून किमान एकदा तपासणी चुकवू नये.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. चेन्नईच्या त्याच अभ्यासात ज्यांनी जीवनशैली बदलली, त्यांच्यापैकीही ३९ टक्के व्यक्तींना मधुमेह झालाच. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज म्हणजे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन भेद सांगितले आहेत. पथ्य आपल्या हाती आहे, जन्माबरोबर आलेले आपल्या हाती नाही. तेव्हा सर्व काही पाळूनही एखाद्याचा आकडा सीमा ओलांडून गेला, तर कुटुंबाने त्याला बोल लावू नये आणि त्यानेही स्वतःला अपराधी समजू नये. जेवढी वर्षे मधुमेह दूर राहिला, तेवढी वर्षे डोळे, मूत्रपिंडे आणि पावले सुरक्षित राहिली. ती कमाई वाया जात नाही.

शेवटी विश्वस्तांना व देणगीदारांना एक निवेदन. आपल्या उदारतेवर हे रुग्णालय उभे आहे. डायलिसिस यंत्रासाठी देणगी दिली तर यंत्र दिसते, त्यावर दात्याच्या स्नेही-सोबत्यांच्या स्मृतीची पाटी लावता येते, आणि ते योग्यच आहे. ज्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा त्या खाटेवर तासन्‌तास पडावे लागते, त्याला त्या यंत्राचे मोल ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाला डायलिसिसची पाळीच आली नाही, त्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही. त्याच्या नावाची पाटी कोठे लावणार? मधुमेहाच्या प्रतिबंधासाठी देणगी मागताना हीच अडचण येते, आणि म्हणून ती मला आज उघडपणे मागावीशी वाटते.

मागणी मोठी नाही. निदान झालेल्या माणसाला लागते ते मोठे यंत्र नव्हे. त्याला पुन्हा पुन्हा विचारपूस करणारे कोणी तरी लागते. अमेरिकेतील अभ्यासात पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा पाठ एकेका व्यक्तीला समोर बसवून शिकविले गेले. तितके आपल्याला झेपणार नाही. परंतु आपल्याच देशातील आणखी एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे मोबाइलवर आहार व व्यायामाची आठवण देणारे छोटे संदेश पाठविले गेले. संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला, तर संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के व्यक्तींना. एका संदेशाचा खर्च तो किती! एक आहारतज्ज्ञ, एक आरोग्यसेविका, एक दूरध्वनी, नावांची एक वही आणि दर वर्षी तपासणीची आठवण, इतक्या सामग्रीवर हे काम आपल्याकडे उभे राहू शकते. ते एका वर्षात संपणारे नाही, म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर वर्षी नेमाने येणारी लहान रक्कम त्याला अधिक उपयोगी पडेल.

सभागृहाबाहेर आज कमरेचा घेर, वजन व रक्तदाब मोजण्याची सोय केली आहे. ज्यांचे वय तीस वर्षांहून अधिक आहे, ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे किंवा होता, त्यांनी घेर मोजून घ्यावा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त देण्यासाठी नाव नोंदवावे. आणि नाव नोंदविताना घरातील आणखी एका व्यक्तीचे नाव त्याखाली लिहावे. जिने तपासणी करून घेण्याचे आजवर कोणी सुचविलेच नाही, तिचे.